बैठक बघताना

तालमीत नवा पोरगा बैठका मारू लागला की वस्ताद आकडा मोजत नाहीत. आकडा पोरगाच मोजतो. वस्ताद हौद्याच्या कडेला बसून बघत असतात. खाली जाताना गुडघे कुठे चालले आहेत, वर येताना आधी कंबर उठते की छाती, पन्नासावी बैठक पहिलीसारखीच उतरते आहे का. मग एखादा शब्द बोलतात. कधी काहीच बोलत नाहीत, दुसऱ्या दिवशी त्याची मेहनत तेवढी बदलतात.

हे पुस्तक त्या बघण्याविषयी आहे. माणूस कसा बसतो, उठतो, वाकतो, ओझे उचलतो, पळतो, उडी मारून जमिनीवर कसा येतो, हे नीट पाहिले तर त्याला पुढे होऊ शकणारी इजा टाळता येईल का, हा त्यातला प्रश्न. गेली शंभर वर्षे डॉक्टर, अभियंते, प्रशिक्षक आणि फिजिओथेरपिस्ट तो आपापल्या परीने सोडवत आहेत. मीही व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे आणि या प्रश्नाच्या सोप्या उत्तरावर मी बरीच वर्षे विश्वास ठेवला होता. तो विश्वास कसा ढळला आणि त्या जागी काय आले, ते सांगितल्याशिवाय या विषयाची ओळख पुरी होणार नाही.

आधी एक शब्द ठरवून घेऊ. एखादी हालचाल करताना कोणता सांधा आधी हलतो, कोणता स्थिर राहतो, कोणता स्नायू काम उचलतो आणि कोणता अंग चोरतो, या सगळ्याची प्रत्येक माणसात एक ठरावीक बांधणी असते. तिला मी या पुस्तकभर ‘ढब’ म्हणणार आहे. शब्द जुना आहे आणि नेमका आहे. लांबून चेहरा दिसत नसतानाही आपण आपल्या माणसाला चालण्यावरून ओळखतो, ते त्याच्या ढबीमुळे.

ढबीचा अभ्यास सुरू झाला तो खेळाच्या मैदानावर नव्हे, कामाच्या जागी. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. शरीर रोज वेडेवाकडे ठेवून काम केल्याने माणसे आजारी पडतात, हे त्यात त्याने व्यवसायागणिक नोंदले. पण नुसत्या डोळ्याला हालचाल पुरती पकडता येत नाही. ती थांबवून पाहण्याची सोय एकोणिसाव्या शतकात झाली. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिजने कॅलिफोर्नियात धावत्या घोड्याची ओळीने छायाचित्रे घेतली आणि घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटतात, हे दाखवून दिले. पाठोपाठ फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे याने चालत्या-धावत्या माणसाच्या हालचाली एकाच काचेवर टिपायला सुरुवात केली.

या सगळ्यांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो निकोलाय बर्नस्टाइन. १९२० च्या दशकात मॉस्कोच्या केंद्रीय श्रमसंस्थेत त्याच्याकडे काम आले ते छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कामगारांचा अभ्यास करण्याचे. घाव घालण्याची एक आदर्श पद्धत सापडली की ती सगळ्यांना शिकवता येईल, अशी संस्थेची अपेक्षा होती. बर्नस्टाइनने कामगारांच्या हाताला छोटे दिवे लावून वेगाने चित्रे घेतली. मुरलेल्या कामगाराचा हातोडा दरवेळी जवळजवळ त्याच जागी पडत होता. मात्र तिथवर पोहोचताना खांदा, कोपर आणि मनगट यांचे कोन दरवेळी थोडे बदलत होते. हाताचा एक सांधा कमी पडला की दुसरा ते भरून काढत होता. पटाईत माणूस एकच उत्तर पाठ करून ठेवत नाही, तो प्रत्येक घावाला उत्तर नव्याने शोधतो. ‘एकच बरोबर पद्धत’ शिकवणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षकाने हा प्रयोग ऐकायला हवा. ढब तपासणाऱ्या चाचण्यांचा पुढे जो गोंधळ झाला, त्यातला निम्मा हा धडा विसरल्यामुळे झाला असे माझे मत आहे.

दुसरी मोठी परंपरा प्रागची. व्लादिमीर यांडा हा चेक डॉक्टर पंधराव्या वर्षी पोलिओने आजारी पडला होता. पुढे आयुष्यभर तो स्नायूंच्या आपसातल्या भांडणाचा अभ्यास करत राहिला. काही स्नायूंची प्रवृत्ती आखडण्याची असते, काहींची ढिले पडण्याची. छातीचे व मानेच्या मागचे स्नायू आखडले आणि मानेच्या पुढचे खोलवरचे व खांद्याच्या पात्यांमधले स्नायू ढिले पडले, तर मान पुढे आलेली आणि खांदे गोल झालेले असे शरीर दिसते. कॉम्प्युटरसमोर दिवस काढणारा कोणीही हे चित्र ओळखेल. स्नायू किती बलवान आहे यापेक्षा तो कोणत्या क्रमाने कामाला लागतो हे पाहा, असे यांडा सांगत असे. अमेरिकेत सेंट लुइसच्या शर्ली सारमन यांनी हाच विचार वेगळ्या वाटेने पुढे नेला. रोजची हालचाल एकाच चुकीच्या दिशेने हजारो वेळा झाली की ती हालचालच दुखण्याचे कारण बनते, अशी त्यांची मांडणी २००२ च्या ग्रंथात आली. या मांडणीला विरोधही झाला. शरीराची ठेवण आणि कंबरदुखी यांचा संबंध आपण समजतो तेवढा सरळ नाही, असे इयाल लेडरमन यांनी २०१० मध्ये साधार मांडले. दोन्ही बाजू या पुस्तकात आहेत. वाकडी पाठ असलेली आणि आयुष्यात कधी पाठ न दुखलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यामुळे माझा कल लेडरमनकडे झुकतो, हे लपवत नाही.

यानंतर चाचण्यांचा काळ आला. ग्रे कुक आणि ली बर्टन या अमेरिकनांनी विकसित केलेली ‘फंक्शनल मूव्हमेंट स्क्रीन’ २००६ च्या सुमारास शास्त्रीय नियतकालिकांतून जगासमोर आली. डोक्यावर काठी धरून खोल बैठक, अडथळ्यावरून पाऊल, एका रेषेत पाऊल टाकून वाकणे, पाठीमागे हात नेऊन मुठींमधले अंतर मोजणे, उताणे झोपून पाय सरळ उचलणे, जोर, आणि रांगण्याच्या स्थितीत हात-पाय लांब करणे, अशा सात हालचाली. प्रत्येकीला ० ते ३ गुण, एकूण २१. दुखले की शून्य. पंधरा मिनिटांचे काम, साहित्य एका पिशवीत मावणारे. २००७ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या एका व्यावसायिक संघातील ४६ खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १४ किंवा त्याहून कमी गुण मिळालेल्यांना हंगामात गंभीर दुखापत होण्याचे प्रमाण बरेच जास्त होते. तिथून ‘१४’ हा आकडा जगभर पसरला. क्लब, सैन्यदल, अग्निशमन दल, शाळा, सगळीकडे.

मीही तो वापरला. एका शिबिरात खो-खो खेळणाऱ्या मुलीला १२ गुण पडले, म्हणून तिला दोन आठवडे मैदानाबाहेर ठेवण्याचा सल्ला मी दिला. तिला काही दुखत नव्हते, आधी कधी दुखापत झालेली नव्हती. ती परत आली तेव्हा तिच्या पायात दोष राहिला नव्हता, पण पाठलाग करताना खुंटाजवळ आली की ती बिचकत होती. आपला गुडघा कधीतरी जाणार आहे, असे तिला वाटू लागले होते. ही भीती माझ्या कागदावरच्या आकड्याने तिच्यात पेरली.

नंतरच्या वर्षांत अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. या गुणांवरून दुखापतीचे भाकीत करता येत नाही, असा निष्कर्ष पुढे आला. गुडघ्याच्या बाबतीत हीच कथा अधिक ठळकपणे घडली. उंचीवरून उडी मारून खाली येताना मुलीचा गुडघा आतल्या बाजूला वळतो का, हे टिमथी ह्यूएट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०५ खेळाडू मुलींमध्ये मोजले. त्यांतल्या नऊ जणींचे गुडघ्यातले एसीएल हे लिगामेंट पुढे फाटले आणि त्या नऊ जणींचे गुडघे चाचणीत जास्त आत वळत होते. २००५ मधला हा निष्कर्ष क्रीडावैद्यकात घरोघरी पोहोचला. नॉर्वेत मात्र हँडबॉल आणि फुटबॉलच्या अव्वल दर्जाच्या ७१० महिला खेळाडूंवर तशीच चाचणी करून वर्षानुवर्षे पाठपुरावा केला गेला. २०१६ मध्ये ट्रॉन क्रोसहॉग आणि सहकाऱ्यांनी सांगितले, की त्या उडीवरून कोणाचे एसीएल जाणार हे ओळखता येत नाही.

असे का व्हावे? समजा एका शिबिरात शंभर मुली आहेत. तीस जणींचे गुडघे आत वळतात, सत्तर जणींचे नाहीत. हंगामात पाच जणींना दुखापत झाली, त्यांतल्या तीन पहिल्या गटातल्या आणि दोन दुसऱ्या. आकड्यांत संबंध दिसतो, कारण एका गटात दर दहाजणींत एक, दुसऱ्यात पस्तिसांत एक. पण चाचणीत ‘नापास’ झालेल्या तीस जणींपैकी सत्तावीस जणींना काहीच झाले नाही आणि ‘पास’ झालेल्या दोघी जायबंदी झाल्या. ओस्लोच्या क्रीडा-दुखापत संशोधन केंद्रातले रोआल्ड बार यांनी २०१६ च्या लेखात हाच पेच मांडला. दोन गटांमध्ये फरक असणे वेगळे आणि एका माणसाविषयी भाकीत करता येणे वेगळे. दुखापत एका सांध्याच्या कोनातून उगवत नाही. आदल्या रात्रीची झोप, मागची अर्धवट बरी झालेली दुखापत, मैदानाची पकड, थकवा, प्रतिस्पर्ध्याचा धक्का आणि मग ती ढब, असे सगळे एका क्षणी जुळून येते.

मग बघायचे कशाला? नॉर्वेजियनांनी त्याचे जे उत्तर दिले ते मला आजही या क्षेत्रातले सर्वांत शहाणे उत्तर वाटते. कोणाला निवडून काढू नका, व्यायाम सगळ्यांनाच द्या. ‘इलेव्हन प्लस’ हा फुटबॉलसाठीचा वीस मिनिटांचा सराव त्याच विचाराचा. पळणे, मांड्यांच्या मागच्या स्नायूंचे व पोटाचे बळ, एका पायावरचा तोल, उडी आणि गिरकी. १३ ते १७ वर्षांच्या १,८९२ मुलींवरच्या अभ्यासात, २००८ साली, हा सराव करणाऱ्या संघांमध्ये एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने आणि गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी आढळल्या. या सरावात प्रशिक्षकाची नजर सुटलेली नाही. उडीवरून खाली येताना गुडघा पंजाच्या रेषेत ठेव, हे तो रोज पाहतो आणि रोज सांगतो. पाहणे तेच, फक्त ते प्रवेशपरीक्षेऐवजी शिकवण्याच्या कामी आले.

मराठी वाचकाला हा विषय सर्वांत जवळचा वाटेल तो वेगवान गोलंदाजांच्या पाठीतून. १९७३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात डेनिस लिली कमरेच्या मणक्यातल्या स्ट्रेस फ्रॅक्चरमुळे कोसळला. पर्थच्या विद्यापीठात फ्रँक पाइक यांच्या देखरेखीखाली त्याने शरीर नव्याने बांधले आणि १९७४-७५ मध्ये तो इंग्लंडविरुद्ध पुन्हा उभा राहिला. त्याच पर्थमध्ये पुढे ब्रूस एलियट, डॅरिल फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी तरुण गोलंदाजांच्या शैलीचा कसून अभ्यास केला. कंबर एका दिशेला आणि खांदे दुसऱ्या दिशेला, अशा मिश्र शैलीत चेंडू सोडण्याच्या आधी खांदे उलटे फिरतात, पाठीला पीळ बसतो आणि त्याच क्षणी पुढच्या पायातून शरीराच्या कित्येक पट भार वर चढतो. उजव्या हाताने टाकणाऱ्याच्या मणक्याची डावी बाजू त्यात तडकते. १९८७ पासून चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये लिलीने आपल्याकडच्या मुलांची शैली घडवली ती हे सारे स्वतः भोगल्यानंतर. श्रीरामपूरहून गेलेला झहीर खान त्याच अकादमीतून आला.

पण शैली सुधारून प्रश्न संपला नाही. जॉन ऑर्चर्ड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले, की एका सामन्यात ५० पेक्षा जास्त षटके टाकणाऱ्याला पुढच्या तीन आठवड्यांत दुखापतीचा धोका वाढतो. म्हणजे आज टाकलेल्या षटकांचे बिल महिनाअखेरीस येते. हाडाला भरून यायला वेळ लागतो आणि तो वेळ कॅलेंडरवर दिसतो, कॅमेऱ्यात दिसत नाही. आपल्याकडे चौदा वर्षांचा मुलगा सकाळी अकादमीत, दुपारी शाळेच्या संघात आणि रविवारी क्लबच्या सामन्यात गोलंदाजी करतो. तिन्ही ठिकाणचे प्रशिक्षक त्याची ढब बघतात, पण आठवड्याची एकूण षटके कोणाच्याच वहीत नसतात. ढब आणि भार वेगळे करून पाहता येत नाहीत, हे मला या मुलांनीच शिकवले.

खेळाडूंविषयी एवढे लिहिले जाते आणि कष्टकऱ्यांच्या पाठीविषयी किती थोडे! कामाच्या ढबीचे शास्त्र मात्र जुने आणि पक्के आहे. फिनलंडच्या पोलाद कारखान्यात १९७० च्या दशकात पाठ, हात व पाय यांच्या स्थितींना आकडे देणारी पद्धत तयार झाली. इंग्लंडमध्ये १९९३ साली हात, मान आणि खांद्यासाठी ‘रूला’ ही पद्धत आली. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या संस्थेने ओझे उचलण्याचे समीकरण केले आणि १९९१ मध्ये ते सुधारले. ओझे अंगालगत, कमरेच्या उंचीवर, पीळ न देता, अधूनमधून उचलायचे असेल तर मर्यादा २३ किलो. परिस्थिती बिघडेल तसा हा आकडा खाली येतो. आता बाजार समितीत धान्याचे ५० किलोचे पोते जमिनीवरून उचलून पाठीवर घेणारा हमाल आठवा. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी बाई आठवा. ‘गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा’ हा सल्ला तिला द्यायला जाणाऱ्याने आधी ती फळी पाहावी. माथाडी कामगारांसाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा केला, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण ज्याचे ओझेच दुप्पट आहे त्याची ढब तपासणे हे काम उलट्या टोकापासून सुरू करण्यासारखे आहे. आधी पोते हलके व्हायला हवे, मग हमालाला शिकवायला जावे.

आणि मग आपल्या मातीतले बघणे. परदेशी चाचणीतल्या खोल बैठकीत टाचा जमिनीला टेकलेल्या असाव्या लागतात. टाच उठली तर गुण कमी. तालमीतल्या बैठकीत टाच उठतेच, ती तशीच मारायची असते. शेकडो बैठका मारणारा पहिलवान त्या कागदावर कमी भरेल. उलट, आयुष्यभर उकिडवे बसून चूल फुंकलेली, कांद्याची रोपे लावलेली आजी टाचा टेकवून सहज खाली जाईल आणि खुर्ची-कमोडवर वाढलेला तिचा नातू मागे पडेल. चाचणीचे मोजमाप कोणाच्या शरीरावरून घेतले आहे, हे विचारल्याशिवाय ते आपल्या माणसांना लावणे चूक आहे. पाहण्याची परंपरा आपल्याकडे कमी नव्हती. बडोद्याहून मुजुमदारांनी संपादित केलेला दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश मराठीत आहे. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी पायाच्या करंगळीपासून डोक्यापर्यंत एकेक रेषा पाहण्याची नजर तयार केली आणि ज्याचे शरीर आसनापर्यंत पोहोचत नाही त्याच्यापर्यंत विटा, पट्टे, खुर्च्या वापरून आसनच आणले. तालमीला आणि योगशाळेला आकडेवारीची जोड मिळाली नाही. आकडेवारीवाल्यांना ती नजर मिळाली नाही.

हे आत्ताच लिहिण्याची निकड आहे. कबड्डी मातीवरून मॅटवर गेली. मातीवर पाय थोडा घसरून सुटतो, मॅटवर बूट त्याला धरून ठेवतो, आणि वळणाचा सगळा पीळ गुडघ्यात उतरतो. खेळाडूची ढब तीच राहिली, जमीन बदलली. पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी गावोगावची मुले वर्षभर न धावता जाहिरात निघाल्यावर डांबरी रस्त्यावर रोज पळू लागतात आणि महिन्याभरात नडगी धरून दवाखान्यात येतात. चाळिशीत पहिल्यांदा धावू लागलेल्यांची मॅरेथॉनमध्ये गर्दी आहे. त्यातच मोबाइलचा कॅमेरा सांध्यांचे कोन मोजून ‘तुमची बैठक ६२ टक्के बरोबर’ असा निकाल देऊ लागला आहे. मोजणे स्वस्त झाले आहे. त्याचा अर्थ लावायला लागणारा अनुभव स्वस्त झालेला नाही आणि होणारही नाही.

या पुस्तकात चाचण्या आहेत, त्या करण्याची रीत आहे आणि प्रत्येकीसोबत ती काय सांगू शकत नाही हेही लिहिले आहे. पास-नापासाची रेषा कुठेही आखलेली नाही. ती जाणूनबुजून वगळली आहे. छायाचित्रांतली माणसे इथलीच आहेत: कबड्डीपटू, गवंडी, परिचारिका, शाळकरी मुले, सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा. भर आहे तो एकाच माणसाला पुन्हा पुन्हा पाहण्यावर. ताजातवाना असताना, दमल्यावर, दुखापतीनंतर परत आल्यावर. दुसऱ्याशी तुलना करून फार थोडे कळते, त्याच माणसाच्या मागच्या महिन्याशी तुलना केली की पुष्कळ कळते. आणि जे दिसले ते त्या माणसाला कोणत्या शब्दांत सांगायचे, यावर मी जरा जास्तच पाने खर्च केली आहेत. त्या खो-खोच्या मुलीचे ते देणे आहे.

हे पुस्तक वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडेलच, पण ते लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर होते शाळेतले खेळाचे शिक्षक. मुलांना रोज पाहणारी माणसे तीच. त्यांना माझी विनंती आहे, की चाचण्यांकडे वळण्याआधी एक वही घाला. कोण किती खेळला, कोणाला कुठे दुखले, किती दिवस बाहेर राहिला, एवढेच तीन रकाने. एक हंगाम ती वही नेमाने भरा आणि मग पुस्तकाचे पहिले प्रकरण उघडा.